भरलेली गाडी मागे घेताना

आमच्या बोळात गाडी तोंडाने आत यायची आणि पाठीने बाहेर पडायची. वडगावातला तो विणकरांचा बोळ आमच्याच घराच्या भिंतीला येऊन संपत होता, आणि रुंदीला एवढाच की गाडीची दारं एका वेळी एकाच बाजूची उघडत. वळवायचा प्रश्नच नव्हता. त्यातून बोळ रस्त्याकडे चढत गेलेला. संध्याकाळी गाडी उतारावरून आपसूक दाराशी यायची. सकाळी साड्यांचे गठ्ठे भरले की तिला तो सगळा चढ उलटा चढावा लागे. आप्पा, म्हणजे माझे वडील, उजवा हात स्टिअरिंगवर आणि डावा शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकून, मान पूर्ण मागे वळवून गाडी काढायचे. एका अंगाला गटाराच्या फरशा, दुसऱ्या अंगाला कुणाची सायकल, कुणाची वाळत घातलेली मिरची. या सगळ्यातून ते गाडी अशी बाहेर काढत की मिरचीवाल्या काकूंना उठावंही लागत नसे. हल्ली माझ्या मुलाच्या गाडीत मागचं सगळं पुढच्या पडद्यावर दिसतं, वर त्या पडद्यातली बाई बोलूनही दाखवते, तरी आमचे चिरंजीव फाटकाचा खांब घासल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. मी मागे बसून काही बोलत नाही. बोलले तर सून हसते आणि तो चिडतो.

घर आमचं पुढून मागाचं आणि मागून माणसांचं होतं. पुढच्या लांब खोलीत माग चालायचे, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या अंधाऱ्या खोलीत आम्ही सगळे झोपायचो. सकाळी माग सुरू झाले की जमीन हलायला लागायची. फळीवरची पितळी भांडी एकमेकांवर वाजू नयेत म्हणून आई मधे कागदाच्या घड्या खुपसून ठेवायची. कपबश्या तर ती एकीला दुसरी लागणारच नाही अशा मांडायची. बोलायचं ते ओरडूनच. परगावचे पाहुणे आले की त्यांना वाटायचं, घरात भांडण लागलंय. आम्हाला त्या खडखडाटाचं काही वाटत नसे. वीज गेली आणि माग थांबले की मात्र आम्ही दचकायचो आणि उगाचच हळू आवाजात बोलायला लागायचो. वीज असताना बोळात सगळे माग एकदम थांबायचे ते एकाच कारणाने. कुणी गेलं की. प्रेत बोळातून बाहेर जाईपर्यंत कुणी बटण दाबायचं नाही, हा नियम कुणी घालून दिलेला नव्हता, पण मोडलेलाही कुणी पाहिला नव्हता.

गाडी आमच्याकडे आली तेव्हाच जुनी होती. फिकट निळी, लांबट नाकाची, मागच्या चाकांवर चालणारी. आठवड्याला निपाणीच्या पेढीवर माल पोचवायचा म्हणून ती घेतलेली. मी तेव्हा दहावीची परीक्षा देऊन घरी बसले होते, आणि पेढीवर साड्यांच्या घड्या उलगडून दाखवायला कुणीतरी लागतं म्हणून आप्पा मला बरोबर न्यायचे. मागच्या सीटवर छतापर्यंत गठ्ठे, आणि उरलेल्या वीतभर जागेत मी. नव्या साडीचा खळीचा वास असतो, तो अजूनही कुठे आला तर मला निपाणीच्या वाटेवरचा तवंदीचा घाट आठवतो.

गाडी मागे घेताना थरथरते हे आमच्या घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. जिथे भांडीच दिवसभर थरथरतात तिथे गाडीचं काय नवल. लक्षात आलं ते आत्याच्या. ती आप्पांची थोरली बहीण, सदलग्याला दिलेली, माहेरपणाला आली होती. परत जाताना तिला निपाणीपर्यंत सोडायचं ठरलं आणि ती माझ्याशेजारी, गठ्ठ्यांच्या खाली दबून बसली. आप्पांनी गाडी रिव्हर्सला टाकून क्लच सोडला, तशी मागची सीट आमच्याखाली धडधडायला लागली. रस्त्यावर येऊन गाडी पुढे निघाली आणि ते थांबलं. आत्या पुढे वाकून म्हणाली, "रामू, मागं घेताना लई थरथरलं की रं. बाबांचा हात असाच सुरू झालता नव्हं?"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला जे आठवलं ते ती बोलली आणि पुढच्या वळणावर खव्याच्या कुंद्याचा डबा सांडला का ते बघायला लागली. पण आप्पांची नजर निपाणीपर्यंत पुन्हा पुन्हा स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे जात होती.

बाबा म्हणजे माझे आज्जा. मी लहान असताना ते गेले, पण त्यांचा हात मला चांगला आठवतो. मांडीवर ठेवलेला असला की तो हात शांत असायचा. मागाच्या धोट्यात दोरा ओवायला घेतला की बोटं कापायची, आणि जितकं ते सावरायला जात तितकी जास्त कापायची. आधी त्यांचं मागावर बसणं सुटलं, मग सुताच्या कांड्या भरणं सुटलं, मग भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तोंडापर्यंत नेणंही सुटलं. शेवटची वर्षं आप्पाच त्यांच्या तोंडाला कप लावायचे. वडगावात ज्यांची वीण बघायला लोक यायचे, त्या माणसाच्या धोतरावर कायम चहाचे डाग असायचे. हे आप्पांनी रोज पाहिलेलं होतं.

आत्याला सोडून आल्यावर आप्पा लगेच गॅरेजला जायला निघाले. गॅरेज अनगोळात होतं, नागाप्पा मेस्त्रींचं. आमच्याकडे गॅरेजला जायचं म्हणजे एक सोहळा असायचा. ग्रीसचा एक थेंब लागला तर साडी गेलीच, म्हणून आधी गाडीत असतील ते सगळे गठ्ठे, पेढीने परत पाठवलेलेसुद्धा, उतरवून घरात आणायचे. उतरवायचे कुणी, तर आई आणि मी. मग सीटवर अंथरलेली चादर काढायची. आप्पा जुना शर्ट चढवायचे. अशी झाडून रिकामी केलेली गाडी अनगोळला जायची, आणि परत आली की आई ओल्या फडक्याने सीट पुसून घ्यायची, मग गठ्ठे पुन्हा आत. नागाप्पांनी त्या दिवशी गाडी मागून जॅकवर उचलली, चाकं हलवून पाहिली, इंजिनापासून मागे जाणाऱ्या लांब दांड्याचे सांधे तपासले, त्यात ग्रीस भरलं, ब्रेक उघडून साफ केले. मग स्वतः बसून अंगणात गाडी मागे-पुढे केली. काही नाही. आठवड्याने आप्पा पुन्हा गेले. तेव्हा इंजिनाखालची रबरं बदलली. पुन्हा अंगणात फेऱ्या, पुन्हा काही नाही. तिसऱ्या खेपेला नागाप्पा वैतागले. ते कानडी वळणाने मराठी बोलायचे, आणि मनात काही ठेवायचे नाहीत.

"गाडीला काय न्हाय बघा मालक," ते म्हणाले. "पाय कसा सोडतासा तेवढं बघा. क्लचवर पाय कापला की गाडी कापतीया."

मी तेव्हा गॅरेजच्या दारात उभी होते. आप्पांनी मान हलवली, किल्ली घेतली, आणि आम्ही घरी आलो. त्यांनी किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि बाळूकाकांना हाक मारून सांगितलं की पुढच्या खेपेपासून निपाणीला तू जा. बाळूकाका त्यांचे धाकटे भाऊ, आमच्यातच राहायचे, लग्न व्हायचं होतं. गाडी हातात मिळावी म्हणून ते कधीचे टपलेले होते. पण त्या दिवशी त्यांनीही काही विचारलं नाही, कारण आप्पांचं तोंडच तसं झालं होतं.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात. आप्पा अर्धाच कप चहा मागायला लागले. भरलेला कप दिला तर म्हणायचे, लई झाला, ओत थोडा परत. जेवताना डावा हात मांडीखाली दाबून बसायचे. मागावर असताना दोरा तुटला की आधी स्वतः झटक्यात जोडायचे, आता कामगाराला हाक मारायचे. एकदा मी त्यांना मागच्या दारी एकटेच उभे असलेले पाहिलं. उजवा तळवा पसरून त्याकडे बघत होते. हात काही कापत नव्हता. पण आज्जांचाही असा रिकामा असताना कापत नसे, आणि नेमकं तेच त्यांना खात होतं. कधी थरथर व्हायची, कधी नाही, ही गोष्टही आज्जांच्या दुखण्यासारखीच होती. निपाणीला जायच्या दिवशी गाडी हमखास थरथरायची आणि गॅरेजला जायच्या दिवशी शहाण्यासारखी बाहेर पडायची. आज्जाही वैद्यासमोर बसले की असेच शहाणे व्हायचे.

मला आप्पांची कीव यायची आणि रागही यायचा. घरात कुणीच त्यांना सरळ विचारत नव्हतं. आई विचारत नव्हती, कारण त्यांनी "न्हाय" म्हटलं असतं तरी तिला ते खरं वाटलं नसतं.

बाळूकाका पहिल्यांदा माल घेऊन निघाले तेव्हा मी नेहमीच्या जागी, गठ्ठ्यांच्या कुशीत बसले होते. काकांनी आरशात केस सारखे केले, गाडी रिव्हर्सला टाकली, आणि बोळाच्या मधल्या चढावर सीट माझ्याखाली धडधडायला लागली, आप्पांच्या वेळी धडधडायची अगदी तशीच. काकांनी गचकन ब्रेक लावला. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. आरशात त्यांचा चेहरा मला दिसत होता. तो पांढरा पडला होता. सबंध रस्ताभर त्यांनी शीळ घातली नाही, आणि शीळ न घालता गाडी चालवणारे बाळूकाका मी त्याआधी कधी पाहिलेले नव्हते.

दुपारी परत आल्यावर आम्ही जेवायला बसलो. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. वीज गेली होती, त्यामुळे घर शांत होतं, आणि कदाचित म्हणूनच माझं बोलणं सगळ्यांना इतकं स्पष्ट ऐकू गेलं. मी म्हणाले, काका चालवतात तेव्हा पण गाडी तशीच थरथरते. मला यात काही मोठं सांगतेय असं वाटलं नव्हतं. आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला आणि काकांकडे पाहिलं. काका खाली मान घालून भाकरी कुस्करत राहिले. शेवटी म्हणाले, "अण्णा, मला वाटलं, मला बी लागलं त्ये."

मग आई हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आप्पा चिडून म्हणाले, हसायला काय झालं. ती म्हणाली, "दोघा भावांचं पाय एकाच म्हयन्यात कापायला लागलं, ते बी एकाच गाडीत, आनि फकस्त मागं घेताना? असला कसला रोग ओ?"

आप्पांनाही पटत होतं, पण माणूस एकदा घाबरला की त्याला घाबरूनच राहावंसं वाटतं. ते म्हणाले, मेस्त्रीनं तीनदा बघितली, काही नाही निघालं. त्यावर आई चिडली. हसून झाल्यावर तिला नेहमीच राग यायचा. गठ्ठे उतरवून आणि चढवून तिची कंबर मोडली होती आणि तो सगळा राग तिने त्या वाक्यावर काढला. म्हणाली, मेस्त्री काय बघणार, तुम्ही त्याच्याकडे गाडी रिकामी करून नेता. तिकडे अंगण सपाट. गाडी थरथरते ती आपल्या दारात, चढावर, माल भरल्यावर. त्या मेस्त्रीलाच इकडे बोलवा आणि आणखी एकदा जर मला गठ्ठे उतरवायला लावले तर मी सदलग्याला जाऊन राहीन. सदलग्याला तिची नणंद होती, माहेर नव्हे, पण रागात तेवढं चालतं.

नागाप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. आईने आधी त्यांना साबण देऊन हात धुवायला लावले, मगच पुढच्या खेपेच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या गाडीजवळ येऊ दिलं. ते चिडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि चहा मागितला. मग गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसून ते कान देऊन ऐकायला लागले, आणि ओरडून म्हणाले, या आवाजात काय ऐकू येणार, कप्पाळ? दोन्ही बाजूंना माग चालू होते. आप्पांनी आमचे माग बंद केले. तरी शेजारचे होते. तेव्हा बाळूकाका बोळातून वर पळत गेले आणि एकेका दारात जाऊन सांगत सुटले, जरा थांबवा, पाच मिनिटं. कारण विचारायला कुणाला वेळ मिळाला नाही. एकेक माग थांबत गेला आणि शेवटी बोळ गप्प झाला.

भर सकाळी, वीज असताना, तो बोळ इतका गप्प मी फक्त प्रेताच्या वेळी पाहिला होता. बायका पदर सावरत बाहेर आल्या, मिरचीवाल्या काकू भिंतीला धरून उभ्या राहिल्या, कुणीतरी हळू आवाजात विचारलं, कोण गेलं? आईने वैतागून सांगितलं, कोणी गेलं नाही, गाडी बघायची आहे. तरी कुणी आत जाईना.

काका गाडीत बसायला निघाले. आई म्हणाली, तुम्ही नव्हे, ते बसू देत. आप्पा उंबऱ्यात उभे होते. सगळा बोळ बघत होता. हातपाय खरंच कापत असते तर ते सगळ्या वडगावासमोर दिसलं असतं, आणि हे त्यांना कळत होतं. ते आत गेले. मला वाटलं, येत नाहीत आता. पण खिळ्यावरची किल्ली घेऊन ते आले, सीटवर बसले, उजवा हात स्टिअरिंगवर, डावा शेजारच्या सीटच्या पाठीवर. मान मागे वळवली. मी तोवर नेहमीच्या जागी, मागे गठ्ठ्यांत जाऊन बसले होते, त्यामुळे आमची नजरानजर झाली. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. वडिलांच्या डोळ्यांत भीती बघितली की आपल्या पायाखालचं काहीतरी जातं, ते माझं त्या दिवशी गेलं.

गाडी चढाला लागली आणि धडधडायला लागली. पण या खेपेला बोळ गप्प होता, म्हणून धडधडीच्या आधीचा आवाजही सगळ्यांना ऐकू आला. माझ्या सीटच्या खालून, डाव्या अंगाने. कट्. आणि मग थरथर. पुन्हा कट्, पुन्हा थरथर. नागाप्पा वाकून चाकाबरोबर चालत होते. त्यांनी गाडीच्या पत्र्यावर थाप मारली, तशी आप्पांनी गाडी थांबवली. नागाप्पा पोतं अंथरून खाली सरकले, चिखलाची खपली स्क्रूड्रायव्हरने काढली, आणि खालूनच बोलले.

"पाय न्हाय मालक तुमचा. पाटा सुटलाय."

मागचा सगळा भार ज्या लोखंडी पट्ट्यांवर असतो त्यांना आमच्याकडे पाटा म्हणतात. तो चाकांच्या धुरीला, म्हणजे आसाला, आवळून ठेवणारे बोल्ट ढिले झाले होते आणि पाट्याच्या मधला खिळा तुटला होता. गाडी पुढे जाताना धुरी आपल्या जागेवर रेटून बसायची. रिकामी असली, सपाटीवर असली, तर मागे जातानाही जागा सोडत नसे. पण माल भरून चढावर मागे रेटली की ती पाट्याखाली सरकायची आणि परत बसायची, तेवढीच ती थरथर. नागाप्पांनी हे आप्पांना दोनदा समजावलं. पहिल्यांदा आप्पांना ऐकू आलं नसावं. ते गाडीतच बसून होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मिरचीवाल्या काकूंनी मोठ्याने विचारलं, मग लावू का माग? आणि बोळ हसला. एकेक बटण दाबलं गेलं आणि पुन्हा कुणाचं कुणाला ऐकू येईनासं झालं.

गाडी दुरुस्त होऊन आली त्याच्या दुसऱ्या सकाळी गठ्ठे भरले. आप्पांनी ती एका दमात बोळाबाहेर काढली. रस्त्यावर लावून त्यांनी मागे बघितलं आणि विचारलं, "थरथरलं काय गं सुमे?" मी म्हणाले, "न्हाय आप्पा." तेवढ्यात आई चहा घेऊन बोळ चढून आली, कप काठोकाठ भरलेला, वर बशी झाकलेली. आप्पांनी बशी तिच्याकडे परत दिली आणि नुसता कप धरून, इंजिन चालू असताना, सगळा चहा प्यायले. एक थेंब सांडला नाही. आई रिकामा कप घेऊन उताराने निघून गेली, आणि मी पाहिलं, ती पदराने डोळे पुसत होती. आप्पांचा हात शेवटपर्यंत कापला नाही. ते म्हातारे होऊन, नीट, स्वतःच्या हाताने जेवत गेले. बाळूकाकांचाही कापला नाही.

माझा कापतो. गेल्या दिवाळीपासून. रांगोळी घालताना पहिल्यांदा लक्षात आलं, मग सुईत दोरा ओवताना. हे प्रकरण लिहितानाचं माझं अक्षर बघितलं तर छापणाऱ्याला दया येईल. घरात म्हणाले, वय झालं. मला ते चाललं नाही. मुलाला घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. तरुण होते, समजूतदार होते. त्यांनी हात पुढे पसरायला लावले, बोट नाकाला लावायला लावलं, बोटांची उघडझाप करायला लावली. हात शहाण्यासारखे वागले. मुलगा म्हणाला, बघ आई, काही नाही. डॉक्टरही हसून मान हलवायला लागले. तेव्हा मी म्हणाले, "डॉक्टर, रिकामी गाडी बघून कळायचं न्हाय. कपभर चहा मागवा, काठोकाठ."

मुलाने कपाळावर हात मारला. डॉक्टर म्हणाले, ते पाण्याचा पेला देणारच होते, पण चहाही चालेल. चहा आला. मी बशी बाजूला केली आणि कप उचलला. अर्ध्या वाटेवर तो मांडीवर सांडायला लागला, आज्जांच्या धोतरावर सांडायचा तसाच. डॉक्टरांचं हसू थांबलं आणि त्यांनी लिहायला कागद पुढे ओढला. मला भीती वाटली. का वाटू नये? पण आप्पांच्या वाट्याला आली ती, किल्ली खिळ्याला अडकवून एकट्याने तळहात बघत बसण्याची भीती, ती माझ्या वाट्याला आली नाही. उरलेला चहा मी दोन्ही हातांनी कप धरून प्यायले. मुलगा धरायला पुढे आला होता, त्याला म्हटलं, अजून न्हाय.